चवदार तळ्याचे पाणी आणि ‘चमत्काराचे थेंब’



काही दिवसांपूर्वी आम्ही रिसोड तालुक्यातील केनवडला बौद्ध वस्तीत सिकलसेलच्या तपासणीविषयी बोलायला गेलो होतो. बैठक आटोपली, बायामाणसे पांगली, पण एक मावशी मागे थांबल्या. त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. दोन बाटल्यांतले थेंब ग्लासात टाकले जातात, द्रावण पिवळे पडते, आणि मागून आवाज येतो की मलेरियापासून कर्करोगापर्यंत सगळे याने बरे होते. मावशींनी विचारले, ‘‘दादा, हे थेंब पोरीले देऊ काय? यानं रक्तातला ऑक्सिजन वाढते म्हणते.’’

त्यांच्या मुलीला सिकलसेल आहे. थंडी-पावसात तिची हाडे ठणकतात, शाळा बुडते, आईची मजुरी बुडते. तो व्हिडिओ पाठवणारा कुणी भोंदूबाबा नव्हता. आपल्याच चळवळीतला, शिकलेला तरुण होता. खाली त्याने लिहिले होते की औषध कंपन्या आणि व्यवस्था हा उपाय गरिबांपासून लपवून ठेवतात.

आम्ही मावशींना तिथेच सांगितले, ‘‘एक थेंबसुद्धा देऊ नका.’’ पण त्या तरुणाला एवढे उत्तर पुरणार नाही. व्यवस्थेवर संशय घेण्याचा त्याचा अधिकार आम्हाला मान्य आहे. तो संशय आपल्या इतिहासातून आलेला आहे. म्हणून त्याला उत्तरही इतिहासातूनच दिले पाहिजे.

बाटलीत काय आहे?

या थेंबांचे नाव क्लोरीन डायऑक्साइड. ‘एमएमएस’ किंवा ‘सीडीएस’ अशा नावांनी ते विकले जातात. एका बाटलीत सोडियम क्लोराइटचे तीव्र द्रावण असते, बहुधा २८ टक्क्यांचे. दुसऱ्या बाटलीत लिंबाच्या फुलासारखे आम्ल असते. दोन्ही एकत्र आले की पिवळसर वायू तयार होतो आणि पाण्यात विरघळतो. हा पदार्थ काही नवा नाही. हंफ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो तयार केला होता. कागदाचा लगदा पांढरा करायला तो वापरतात. १९४४ साली अमेरिकेतील नायगारा फॉल्स इथल्या जलशुद्धीकरण केंद्रात पाण्याचा वास आणि चव सुधारण्यासाठी त्याचा वापर सुरू झाला.

इथेच फसगत होते. विक्रेता म्हणतो, ‘सरकार पाण्यात टाकते, मग औषध म्हणून घेतले तर काय बिघडले?’ आपल्या गावातले उदाहरण घेऊ. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतो. प्रमाण साधारण हजार लिटरला ५ ग्रॅम. जंतू मेल्यावर नळाच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन उरावे, अशी अपेक्षा असते. ते ओटी चाचणीने तपासतात. म्हणून कुणी टीसीएलची पुडी चमच्याने खात नाही. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात क्लोरीन डायऑक्साइडची कमाल मर्यादा लिटरला ०.८ मिलिग्रॅम आणि क्लोराइटची १ मिलिग्रॅम आहे. हा पदार्थ विहिरीतल्या पाण्याचे जंतू मारतो, कारण तो समोर येईल त्या सजीव पेशीवर हल्ला करतो. आपल्या आतड्याचे अस्तर आणि रक्तातील तांबड्या पेशी त्याला वेगळ्या ओळखू येत नाहीत.

आता ‘ऑक्सिजन वाढतो’ हा दावा पाहू. तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन लोहाच्या आधारे ऑक्सिजन वाहून नेते. क्लोराइट त्या लोहाचे रूप बदलते. तयार होणाऱ्या मेथेमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहता येत नाही. शिवाय तांबड्या पेशी फुटू शकतात. म्हणजे नाव ऑक्सिजनचे आणि परिणाम उलटा. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी आधीच विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर फुटतात, अंगात रक्त कमी असते, आणि ऑक्सिजन कमी पडला की पेशी आणखी वाकड्या होतात. अशा मुलीला हे थेंब देणे म्हणजे तिच्या दुखण्याच्या मुळावरच घाव घालणे होय.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० आणि पुन्हा २०१९ मध्ये लोकांना इशारा दिला की या थेंबांमुळे तीव्र उलट्या, जुलाब आणि शरीरातले पाणी कमी होऊन रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतो. विक्रेते त्यावरही उत्तर ठेवून असतात: ‘उलटी-जुलाब म्हणजे अंगातली घाण बाहेर पडते आहे.’ गुण आला तर थेंबांचा, त्रास झाला तरी तो गुणाचीच खूण! ज्या दाव्याला चूक ठरवण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याला आपण एरवी काय म्हणतो? अंधश्रद्धा.

हा उपाय कुणी काढला आणि कुणावर केला?

जिम हंबल हा अमेरिकन माणूस सोन्याच्या शोधात १९९६ साली गयानाच्या जंगलात गेला होता. तिथे सोबत्यांना मलेरिया झाला, आपण त्यांना हे द्रावण पाजले आणि ते बरे झाले, असे तो सांगे. २००६ मध्ये त्याने ‘चमत्कारी खनिज’ म्हणून त्यावर पुस्तक काढले. पुढे मार्क ग्रेनन याच्यासोबत ‘जेनेसिस टू’ नावाचे चर्च उभे राहिले. बाटली विकायची नाही, ‘देणगी’ घेऊन ‘प्रसाद’ म्हणून द्यायची, ही त्यांची युक्ती. या चर्चचा धर्माशी काही संबंध नाही, कायद्यापासून बचाव हा हेतू आहे, हे ग्रेननने स्वतःच बोलून दाखवले होते.

कोरोनाच्या काळात त्यांनी हेच द्रावण कोरोनावरचे औषध म्हणून विकले. एप्रिल २०२० मध्ये न्यायालयाने विक्रीला मनाई केली, तरी ते थांबले नाहीत. शेवटी ग्रेनन आणि त्याचे तीन मुलगे जुलै २०२३ मध्ये मायामीच्या न्यायालयात दोषी ठरले. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोघांना ५ वर्षांची आणि दोघांना साडेबारा वर्षांहून जास्त कैद झाली. या धंद्यात त्यांनी १० लाख डॉलरहून अधिक कमावले होते. ‘औषध कंपन्या पैशासाठी लपवतात’ असे सांगणाऱ्या आपल्या तरुणाने हा आकडाही लक्षात ठेवावा. नफेखोरी फक्त मोठ्या कंपनीतच असते असे नाही, ती दोन बाटल्यांच्या दुकानातही असते.

आता दुसरा प्रश्न: हे कुणाला पाजले? मे २०१९ मध्ये ‘द गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने युगांडातली हकीकत छापली. न्यू जर्सीतील एका धर्मोपदेशकाच्या जाळ्यातून तिथल्या सुमारे ५०,००० गरीब लोकांपर्यंत, अगदी तान्ह्या लेकरांपर्यंत, हे द्रावण मलेरिया आणि एचआयव्हीवरचा उपाय म्हणून पोहोचवले जात होते. खेड्यापाड्यांतल्या चर्चमधून, प्रार्थनेनंतर. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे एक गोष्ट ठळक दिसते. चमत्कार जिथे नेला जातो तिथे दवाखाना दूर असतो, डॉक्टर महाग असतो आणि सांगणाऱ्याच्या हाती धर्माचा अधिकार असतो. २०२० मध्ये दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियाच्या संसदेने तर आरोग्य मंत्रालयाचा विरोध डावलून क्लोरीन डायऑक्साइडला मंजुरी दिली. रुग्णालये भरलेली, लोक हवालदिल, आणि बाटलीसाठी रांगा. त्याच जुलैमध्ये पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेने हे घेऊ नका म्हणून सांगितले होते.

आमचा संशय कुठून आला?

आमचा तरुण म्हणेल, ‘डॉक्टरांवर आम्ही विश्वास का ठेवावा? त्यांनी आम्हाला काय दिले?’ प्रश्न खरा आहे. बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत काठियावाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नोंदवली आहे. त्या शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. बाळंतपणानंतर त्यांची पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. मोठ्या मिनतवारीनंतर आला, तो वस्तीच्या बाहेरच थांबला. बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, मुसलमानाने शिक्षकाच्या हाती, शिक्षकाने पत्नीला लावले. मग तसेच उलट क्रमाने परत. डॉक्टरने तिला हात लावला नाही. दुरून पाहून न्यूमोनिया सांगितला. ती बाई गेली.

ही हकीकत वाचून आपण कोणता निष्कर्ष काढायचा? थर्मामीटर खोटे आहे, असा? त्या शिक्षकाची तक्रार थर्मामीटरबद्दल नव्हती. ते आमच्या हातापर्यंत सरळ का येत नाही, ही तक्रार होती. जातीने विज्ञान आमच्यापासून दूर ठेवले. आता आम्ही आपणहून विज्ञान सोडून दिले तर जातीचे काम आम्हीच पूर्ण केल्यासारखे होईल.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा अनुभवही तसाच आहे. टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी आरोग्य खात्याने ‘अभ्यास’ केला. १९४०च्या दशकात पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले नाही. यापेक्षा मोठा विश्वासघात कोणता? पण गुन्हा पेनिसिलिन देण्यात नव्हता, न देण्यात होता. सिद्ध झालेले औषध गरिबाला नाकारायचे आणि असिद्ध द्रावण त्याला पाजायचे, ही एकाच अन्यायाची दोन रूपे आहेत.

महाडने काय शिकवले?

पाणी आणि शुद्धी यांचा विषय निघाला की आपले मन महाडला जाते. रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. कागदावर तळे खुले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले. त्यानंतर सवर्णांनी तळे ‘बाटले’ म्हणून १०८ घागरींतून शेण, गोमूत्र, दूध, दही पाण्यात ओतून ‘शुद्धी’ केली.

शेण-गोमूत्र ओतून पाणी शुद्ध झाले, हे त्या लोकांना खरेच वाटत होते. पाणी तपासण्याची त्यांना गरजच नव्हती, कारण त्यांची शुद्धी पाण्याची नव्हती, वर्चस्वाची होती. सोवळे आणि स्वच्छता यांतला हा फरक महाडने उघडा केला. स्वच्छता मोजता येते. तिला ओटी चाचणी असते, प्रयोगशाळा असते. सोवळ्याला फक्त सांगणाऱ्याचा शब्द असतो. आज बाटलीवाला ‘शरीरशुद्धी’ म्हणतो तेव्हा तो यातले काय विकतो, हे आपण विचारले पाहिजे.

महाडची आणखी एक गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना स्पष्ट बजावले की चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आणि ते न प्यायल्याने आजवर मेलोही नाही. आपण इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करायला तळ्यावर जायचे आहे. विचार करा. हजारो माणसे त्या नेत्याच्या एका शब्दावर जीव द्यायला तयार होती. त्या पाण्यात काही दैवी गुण आहे असे म्हटले असते तर लोकांनी घागरी भरून नेल्या असत्या. पण त्यांनी पाण्याचा चमत्कार होऊ दिला नाही. त्यांनी हक्क मागितला. पुढे १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात तो हक्क शाबीत झाला.

ज्या माणसाने चवदार तळ्याच्या पाण्यालाही चमत्कार म्हटले नाही, त्याचे अनुयायी ग्लासभर पिवळ्या द्रावणाला चमत्कार म्हणणार काय?

महाराष्ट्राचा अलीकडचा अनुभव

हे केवळ परदेशातले वेड आहे असे मानू नका. २३ जून २०२० रोजी हरिद्वारला पतंजलीने ‘कोरोनिल’ आणले आणि त्याने कोरोना बरा होतो असा दावा केला. महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्यात अशा औषधाची विक्री होऊ देणार नाही असे जाहीर केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन आणि नागपूरचे खासदार, केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या उपस्थितीत ते पुन्हा मांडले गेले. जागतिक आरोग्य संघटनेचे नाव घेतले गेले, तेव्हा त्या संघटनेला आपण कोणत्याही पारंपरिक औषधाला मान्यता दिलेली नाही असे सांगावे लागले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२४ मध्ये कंपनीला जाहीर माफी मागावी लागली.

त्याच २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात लोक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी दारोदार फिरत होते. नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून २० हून अधिक रुग्ण दगावले. ‘ऑक्सिजन’ हा शब्द तेव्हापासून आपल्या मनात खोल रुतला आहे. म्हणूनच ‘ऑक्सिजन वाढवणारे थेंब’ असे कुणी म्हटले की आई लगेच ऐकते. विक्रेता आपले दुःख ओळखूनच शब्द निवडतो.

कायदा नाही असे नाही. १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदा आहे. परवान्याशिवाय औषध विकणे १९४० च्या औषध कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. पण भोंदूने भगवे सोडून पांढरा कोट घातला, मंत्राऐवजी रसायनाचे नाव घेतले, की आपले लोकही फसतात. अंगारा नाकारणारा माणूस बाटली मात्र विश्वासाने घेतो, कारण ती ‘वैज्ञानिक’ दिसते.

धम्म काय सांगतो?

काही बांधव म्हणतात, बुद्धाने प्रश्न विचारायला शिकवले, म्हणून आम्ही डॉक्टरांना प्रश्न विचारतो. जरूर विचारा. पण कालामांना दिलेल्या उपदेशाचा अर्धाच भाग घेऊ नका. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा आपला माणूस आहे म्हणून मानू नका, असे बुद्धाने सांगितले. व्हॉट्सअॅपवर आलेले हे ऐकीव नाही तर काय? पाठवणारा आपल्या चळवळीतला आहे म्हणून ते खरे ठरते काय? संशय घ्यायचा तर दोन्हीकडे सारखा घ्या.

किसा गोतमी मेलेले मूल घेऊन बुद्धाकडे औषध मागायला आली, तेव्हा त्याने तिला थेंब दिले नाहीत. ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरातून मोहऱ्या आणायला सांगितले आणि तिला सत्यापर्यंत नेले. दुसरीकडे जुलाबाने खंगलेला, स्वतःच्या घाणीत पडलेला भिक्खू दिसला, तेव्हा बुद्धाने स्वतः त्याला धुतले, आनंदाच्या मदतीने उचलून बिछान्यावर ठेवले आणि संघाला रुग्णसेवेचा नियम घालून दिला. चमत्कार नाकारायचा आणि शुश्रूषा करायची, या दोन्ही गोष्टी धम्मात एकत्रच येतात.

सावित्रीमाईंनीही तेच केले. १८९७ च्या प्लेगमध्ये पुत्र डॉ. यशवंत यांच्या पुण्याबाहेरच्या दवाखान्यात त्या रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतले आजारी मूल त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या जीव धोक्यात घालून माणसाला दवाखान्यापर्यंत घेऊन गेल्या. आज आपण मोबाईलवरून बाटलीचा व्हिडिओ पुढे पाठवतो आणि त्याला समाजसेवा म्हणतो!

मग करायचे काय?

सिकलसेल हा शाप नाही, रक्तातला आनुवंशिक दोष आहे. विदर्भात तो आदिवासी आणि बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नापूर्वी पत्रिका नको, रक्त तपासा. आजार असेल तर फॉलिक अॅसिड, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया, भरपूर पाणी, लसी आणि गरज पडल्यास रक्त, यांवर माणूस शिकतो, नोकरी करतो, संसार करतो. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

आणि लढायचे असेल तर लढायला पुष्कळ जागा आहे. आरोग्य केंद्रात गोळ्या संपल्या तर तिथे बसून राहा. डॉक्टरचे पद रिकामे असेल तर निवेदन द्या, मोर्चा काढा. ग्रामसभेत विचारा की टाकीत टीसीएल कधी टाकले आणि ओटी चाचणीची नोंद कुठे आहे. आपल्या वस्तीच्या नळापर्यंत ते पाणी पोहोचते का तेही पाहा. औषधांच्या किमतींवर, खासगी रुग्णालयांच्या बिलांवर बोला. व्यवस्थेला खरा त्रास याने होतो. बाटली विकत घेतल्याने व्यवस्थेला काहीच होत नाही; उलट तिला बरेच वाटते, कारण एक माणूस दवाखान्याच्या रांगेतून कमी होतो.

आम्ही त्या तरुणाला फोन केला. तो आधी चिडला, मग बराच वेळ बोलला. त्याची स्वतःची आजी वेळेवर उपचार न मिळाल्याने गेली होती. त्याचा राग खोटा नव्हता. फक्त तो चुकीच्या दाराशी उभा होता. त्याने ग्रुपवरचा व्हिडिओ काढला आणि खाली लिहिले, ‘हे कुणी घेऊ नये.’ मावशींच्या मुलीला पुढच्या तपासणीला घेऊन जाण्याची जबाबदारी आता त्याने घेतली आहे.

चवदार तळ्यावर आपण चमत्कारासाठी गेलो नव्हतो. दवाखान्यातही चमत्कारासाठी जायचे नाही. तिथे आपला हक्क आहे, तो घ्यायला जायचे.

जय भीम! नमो बुद्धाय!